नववीच्या वर्गात घरातल्या मारहाणीविषयी शिकवायचे, तर मूल बोलल्यानंतरची तयारी कोणाची?

बोरीकाठचा_मास्तर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी अमळनेर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो. शाळेचे नाव लिहीत नाही, आणि पुढे जिचा उल्लेख येतो त्या मुलीची ओळख पटेल असे सर्व तपशील बदलले आहेत.

काही वर्षांपूर्वी नववीला ‘आमच्या घरची संध्याकाळ’ हा निबंध दिला होता. बहुतेक वह्यांत अपेक्षित तेच आले होते: दिवेलागण, तुळशीपुढचा दिवा, कपाशीच्या वावरातून परतणारे आईवडील, चुलीवरची कळण्याची भाकरी. एका वहीत मात्र असे वाक्य होते: ‘साडेसातची एस.टी. फाट्यावर थांबली की आई वीळी आणि वरवंटा पलंगाखाली सरकवते, मी धाकट्या भावाला घेऊन मागच्या दाराशी बसते, आणि चपलांच्या आवाजावरून आम्हाला कळते की आज कसे आहे.’ मी ‘वीळी’ची वेलांटी दुरुस्त केली, खाली ‘वर्णन चांगले, अक्षर सुधारावे’ असा शेरा लिहिला, दहापैकी सात गुण दिले आणि वही परत केली.

अर्थ उमगायला मला आठ-दहा दिवस लागले, आणि तोही माझ्या घरी विळी पुसून भिंतीला टेकवून ठेवली जात असताना. स्वयंपाक व्हायचा असताना कोणी विळी पलंगाखाली कशाला सरकवील? दुसऱ्या दिवशी मुलीला बोलावले. ‘सर, ते असंच लिहिलं होतं, गोष्टीतलं,’ असे म्हणून ती निघाली, आणि दारापर्यंत जाऊन मागे वळून म्हणाली, ‘मनी मायले (माझ्या आईला) सांगू नका.’ मी सांगितले नाही. मी काहीच केले नाही, कारण काय करायचे असते हे मला ठाऊक नव्हते. दहावीनंतर ती शाळेत दिसली नाही.

आता आमच्या संस्थेने ठरवले आहे की आठवी-नववीसाठी कौटुंबिक हिंसाचाराविषयी ‘काहीतरी’ करायचे. हे काहीतरी म्हणजे एका शनिवारी सभागृहात (आमचे सभागृह म्हणजे दोन वर्गांमधली घडीची भिंत सरकवून होणारी जागा) वक्ते, शाल-श्रीफळ, दीड तासाचे भाषण, आभार, आणि सोमवारच्या पेपरात फोटो. याला माझा विरोध आहे, पण विरोध करताना पर्यायही द्यावा लागतो, म्हणून हा धागा काढला आहे.

विषय शाळेत यावा याबद्दल माझ्या मनात शंका नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार 18 ते 49 वयाच्या, लग्न झालेल्या स्त्रियांपैकी 29.3 टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा सोसलेली आहे. मला त्याहून अधिक खटकतो तो दुसरा आकडा. भाजी नीट झाली नाही, न सांगता बाहेर गेली, सासू-सासऱ्यांचा मान ठेवला नाही, अशा सात कारणांपैकी निदान एका कारणासाठी नवऱ्याने हात उचलणे योग्यच आहे, असे सुमारे 45 टक्के स्त्रियांनी आणि 44 टक्के पुरुषांनी सांगितले. हे मत कोणी चाळिशीत बनवत नाही. ते पंधराव्या वर्षापर्यंत घरात पाहून तयार झालेले असते, आणि त्या वयात मुले दिवसाचे सहा तास आमच्यासमोर बसलेली असतात.

अशा शिक्षणाचा उपयोग होतो का, याचे आपल्याकडचे एक चांगले उदाहरण हरियाणातील आहे. सोनीपत, पानिपत, रोहतक आणि झज्जर या चार जिल्ह्यांतील 314 शासकीय शाळा घेऊन त्यांपैकी निम्म्या-अर्ध्या शाळांत ‘ब्रेकथ्रू’ या संस्थेने अडीच वर्षे, साधारण तीन आठवड्यांनी एक असे पाऊण-पाऊण तासाचे वर्ग घेतले आणि उरलेल्या शाळा तुलनेसाठी ठेवल्या. विषय केवळ मारहाणीचा नव्हता. घरकाम कोणी करावे, मुलींनी किती शिकावे, निर्णय कोण घेते, असा सर्व पसारा होता. मुलामुलींची मते बदलली आणि कार्यक्रम संपल्यावर दोन वर्षांनीही तो बदल टिकून होता. म्हणजे एका शनिवारच्या भाषणाने जे होणार नाही, ते अडीच वर्षांच्या नेटाने काही प्रमाणात होते.

माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. वर्गात हा विषय निघाला की कोणीतरी मूल बोलणारच. ते बोलले की मी काय करायचे?

केळीबाग_रावेर

मास्तर, तुमची तळमळ मान्य आहे, पण दुसरी बाजूही ऐकून घ्या. मी शाळा व्यवस्थापन समितीवर दोन वर्षे काढली आहेत. गावात शाळेविषयी जो विश्वास असतो तो ‘तिथे आपली पोर सुरक्षित आहे आणि शिकते आहे’ एवढ्यावरच उभा असतो. उद्या बातमी पसरली की मास्तर पोरींना घरातल्या गोष्टी विचारतात, तर पहिली प्रतिक्रिया काय येईल? ‘शाळा पुरे झाली, स्थळ आलेच आहे.’ झाकली मूठ सव्वा लाखाची असे मी म्हणत नाही. मारहाण ही मारहाणच आहे. पण मूठ उघडण्याची किंमत त्या पोरीने मोजायची आणि आपण व्याख्यान दिल्याचे समाधान मिळवायचे, हे मला पटत नाही.

आणि मूळ दारूचे आहे. गावातले दुकान बंद करा, अर्धी भांडणे त्याच रात्री थांबतील.

मागची_खोली

मी एका पोलीस आवाराच्या मागच्या खोलीत बसून घरातल्या मारहाणीच्या तक्रारी ऐकण्याचेच काम करते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आधी दारूविषयी. दारूमुळे मारहाण वाढते, जखम खोल होते, पैसा जातो, हे सर्व खरे आहे आणि दारूबंदीसाठी बायका उभ्या राहतात तेव्हा त्यांना दाद द्यायलाच हवी. पण केळीबागदादा, तोच माणूस पिऊन मुकादमाला मारत नाही, फौजदाराला मारत नाही, एस.टी.च्या कंडक्टरला मारत नाही. घरी येईपर्यंत त्याला कोणाला मारायचे नाही याचे भान असते. माझ्यासमोर न पिणारे, माळकरी, गावात मान असलेले गृहस्थही बसलेले आहेत. मुलांना ‘दारू म्हणजे हिंसा’ एवढेच शिकवले, तर ज्या मुलीचा बाप पीत नाही तिला वाटेल की आपल्या घरात जे होते त्याला काही नावच नाही.

आता मास्तरांच्या प्रश्नाकडे येते. मूल बोलल्यावर शाळेकडून सर्वाधिक होणारी चूक म्हणजे वडिलांना शाळेत बोलावून ‘समज देणे’. हेडसरांचा हेतू चांगला असतो, वडील मान खाली घालून ‘हो सर, पुन्हा नाही’ म्हणतात, चहा होतो. त्या रात्री त्या घरात काय होते ते मला दुसऱ्या दिवशी कळते, किंवा कळतही नाही. बाहेर बोलल्यानंतरचे दिवस बाईसाठी अधिक धोक्याचे असतात. म्हणून पहिली ओळख आईशी करून घ्यावी, तीही पालकसभेच्या किंवा शिष्यवृत्तीच्या कागदाच्या निमित्ताने, आणि तिला फक्त एवढे कळू द्यावे की कोणाशी बोलावेसे वाटले तर जागा आहे.

दुसरी चूक म्हणजे ‘मी कोणालाही सांगणार नाही’ असे मुलाला वचन देणे. ते पाळता येत नाही. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर 2012 च्या बाल लैंगिक अत्याचार कायद्याप्रमाणे, म्हणजे ज्याला सगळे पोक्सो म्हणतात त्याप्रमाणे, पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे आणि न कळवणे हा गुन्हा आहे. म्हणून आधीच सांगावे, ‘तुझ्या सुरक्षेसाठी मला एखाद्या माणसाला सांगावे लागले, तर आधी तुला सांगेन.’

तिसरी चूक म्हणजे चौकशी. वर्गशिक्षक विचारतात, मग पर्यवेक्षक, मग हेडसर, मग संस्थेचे कोणीतरी, आणि चौथ्या वेळी मूल म्हणते, ‘मी खोटं बोलले.’ एकाच व्यक्तीने ऐकावे, मुलाचे शब्द आहेत तसे, अहिराणीत असतील तर अहिराणीतच, तारीख घालून लिहून ठेवावेत आणि तो कागद कपाटात कुलपात ठेवावा.

कायद्याचे थोडेसे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा 2005 चा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. त्यात मारहाणीबरोबर लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक छळही येतो. आई स्वतःसाठी आणि मुलांसाठी दंडाधिकाऱ्यांकडे संरक्षणाचा आदेश, त्याच घरात राहण्याचा हक्क, खर्च आणि मुलांचा ताबा मागू शकते. हा दिवाणी स्वरूपाचा मार्ग आहे, म्हणजे ‘नवऱ्याला तुरुंगात घालायचे आहे का’ या प्रश्नापाशी बाईला अडकवून ठेवण्याचे कारण नाही. आदेश मोडला तर मात्र तो गुन्हा होतो. आणि मास्तर, कलम 4 मुद्दाम वाचा. हिंसा होत आहे असे वाटण्यास कारण असेल तर कोणीही व्यक्ती याच कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकते, आणि ती सद्हेतूने दिली असेल तर तिच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. शिक्षकांची निम्मी भीती इथेच संपायला हवी.

मुलांसाठी 1098, बायकांसाठी 181 आणि तातडीसाठी 112 हे क्रमांक मुलांना तोंडपाठ असावेत, पण वहीच्या मागच्या पानावर लिहून देऊ नयेत. वह्या घरी जातात.

पांझरा_धुळे

सर्व मान्य, पण हे करणार कोण? पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती, आधार जुळवणी, निवडणुकीची कामे, परीक्षा. तासिका मिळाली तरी गणिताचे सर ती मागून नेतात.

भुसावळ_ते_मेलबर्न

पांझरादादा, मी भुसावळचा. सध्या ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात एका माध्यमिक शाळेत शिकवतो. तिथे हे कसे उभे राहिले ते सांगतो. परदेशाचे कौतुक करण्यासाठी हे लिहीत नाही, कारण तिथल्या शिक्षकांची ‘वेळ कुठे आहे’ ही तक्रार शब्दशः तुमच्यासारखीच आहे.

व्हिक्टोरियात 2015 मध्ये कौटुंबिक हिंसाचारावर राजआयोग (रॉयल कमिशन, म्हणजे उच्चस्तरीय चौकशी आयोग) नेमला गेला. मार्च 2016 मध्ये त्याने 227 शिफारशी केल्या आणि राज्य सरकारने त्या सर्व स्वीकारल्या. परस्परांशी आदराने वागण्याचे शिक्षण पहिलीच्या आधीच्या वर्गापासून बारावीपर्यंत शासकीय शाळांत असावे, ही त्यांतलीच एक शिफारस. त्यात माझ्या मते कळीची गोष्ट अशी की धडे सर्वांत शेवटी येतात. आधी शाळेने स्वतःकडे पाहायचे असते: शिक्षकखोलीत कोण कोणाशी कसे बोलते, मुलींच्या तक्रारींचे काय होते, आणि ज्या शिक्षिकेच्या स्वतःच्या घरात हे चालू आहे तिला शाळा काय आधार देते. हा शेवटचा मुद्दा प्रशिक्षणात निघाला तेव्हा खोलीत जी शांतता पसरली ती मी विसरलेलो नाही. शिक्षक हे वर्गाला शिकवणारे त्रयस्थ आहेत असे आपण धरून चालतो, आणि ते खरे नसते.

एक युक्ती मात्र उद्याच वापरता येईल अशी आहे. भर वर्गात एखादे मूल ‘आमच्याकडे पण बाबा...’ असे सुरू करते, तेव्हा शिक्षकाने त्याला मायेने, पण तिथल्या तिथे थांबवायचे. ‘हे महत्त्वाचं आहे, मला नीट ऐकायचंय, तास झाला की आपण दोघं बोलू.’ आणि मग खरोखरच बोलायचे. कारण सांगून झाल्यावर चाळीस मुलांनी ऐकलेले असते आणि ते परत घेता येत नाही. या अडवण्याचा आम्हाला सराव करावा लागला, दोघा-दोघांच्या जोड्या करून, एकाने मूल व्हायचे. सुरुवातीला हसू येते. तिसऱ्या खेपेला येत नाही.

अक्राणीचा_रस्ता

मी नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावकडच्या एका आश्रमशाळेत आहे. खान्देश म्हटले की चर्चा जळगाव-धुळ्यातच संपते, म्हणून सातपुड्यातल्या दोन-तीन गोष्टी नोंदवतो.

आमची मुले घरी नसतात, वसतिगृहात असतात. त्यामुळे ‘आज घरी काय झाले’ हा प्रश्न इथे निरर्थक आहे. ती घरी जातात दिवाळीला आणि होळीला, आणि काही मुलांच्या बाबतीत तेव्हाही घर नसते, कारण दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला गुजरातेत किंवा दक्षिणेकडच्या कारखान्यांवर गेलेले असतात. भोंगऱ्या बाजार (होळीच्या आधीचा आदिवासींचा बाजार) आणि होळी आटोपून मुले परत येतात तो आठवडा आमच्याकडे महत्त्वाचा. एरवी बडबड करणारे मूल जेवणाच्या रांगेत शेवटी उभे राहू लागले, की काहीतरी पाहून आले आहे हे कळते. विषय घ्यायचा असेल तर त्या आठवड्यात घेऊ नये, ओल्या जखमेवर बोट ठेवल्यासारखे होते. पण लक्ष मात्र त्याच आठवड्यात ठेवावे.

दुसरे, हुंड्यावरचा छापील धडा आमच्या वर्गात जसाच्या तसा चालत नाही. भिल्ल-पावरा समाजात मुलाकडून देज (वधूमूल्य) देण्याची रीत आहे. हुंडा नाही म्हणून बाई सुखी, असे शहरी माणसाला वाटते. पण ‘मी देज मोजले आहे’ हे वाक्य भांडणात कसे वापरले जाते ते मुलांना चांगले माहीत असते. त्याच वेळी, नांदायचे नसेल तर बाईला माहेरी परतण्याची आणि पुन्हा घर मांडण्याची जी मोकळीक इथल्या चालीरीतींत आहे ती खालच्या तालुक्यांत नाही, हेही सांगायला हवे. आम्ही मागास आणि तुम्ही सुधारक अशा थाटात कोणी वक्ता आला, तर मुले खाली मान घालून बसतात आणि काहीही ऐकत नाहीत.

तिसरे, भाषा. ‘कौटुंबिक हिंसाचार’ हे शब्द मी पावरीत सांगू शकत नाही आणि सांगण्याची गरजही नाही. मी विचारतो, भांडण झाले की तू कुठे जातोस? त्यावर उत्तरे येतात. आत्याकडे, झाडावर, नाल्यात, कुठेच नाही.

नाव_नको

मी वर्षानुवर्षे इथे नुसता वाचक आहे. हा पहिला प्रतिसाद.

मी त्या घरातला मुलगा आहे. जिल्ह्याचे, गावाचे नाव नको. आमच्या शाळेतही आठवीत असताना व्यसनमुक्तीचे पथनाट्य झाले होते. त्यात मिशा लावलेला, लुंगी नेसलेला, झोकांड्या खाणारा बाप होता आणि सगळी शाळा हसत होती. माझे वडील तसेच चालत असत, हे वर्गातल्या निम्म्या मुलांना ठाऊक होते. दुसऱ्या दिवसापासून मला ‘आडवी बाटली’ हे नाव पडले, ते दहावीपर्यंत टिकले. पथनाट्य करणाऱ्यांना हे कधी कळले नसेल आणि त्यांचा त्यात दोष आहे असेही मी म्हणत नाही. पण त्या दिवशी मला जे कळले ते एवढेच, की आमचे घर ही हसण्याची गोष्ट आहे.

दुसरी गोष्ट अकरावीतली. पाहुण्या वक्त्या आल्या होत्या, चांगल्या बोलल्या. त्यांनी सांगितले की बापाला आईवर हात उगारताना पाहणारी मुले मोठी होऊन तेच करतात. आकडेवारीच्या दृष्टीने तसा संबंध असेलही. मी मात्र त्या दिवसापासून स्वतःच्या हातांकडे संशयाने पाहू लागलो. लग्नाचे वय झाले तरी मी स्थळे टाळत राहिलो, घरच्यांना वाटले मुलाचे डोके फिरले आहे. बत्तीसाव्या वर्षी लग्न केले. आज माझी मुलगी पाच वर्षांची आहे, आणि माझ्या घरात कोणाला चपलांच्या आवाजाकडे कान लावावा लागत नाही. (मास्तर, तुमचे ते वाक्य वाचून मी फोन खाली ठेवून अंगणात जाऊन आलो.)

म्हणून माझी एकच विनंती आहे. वर्गात हे वाक्य उच्चारणार असाल तर त्याचा दुसरा भागही लगेच सांगा, की अशा घरांतून आलेली खूप मुले कधीच कोणावर हात उचलत नाहीत. आमच्यापैकी कोणीतरी शेवटच्या बाकावर बसलेला असतो.

कन्हेरचे_फूल

नाव_नको, तुम्ही लिहिलेत हे फार मोलाचे आहे. मी सत्तावीस वर्षे शिकवून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले आणि तुम्ही वर्णन केलेले पथनाट्य मी स्वतः माझ्या शाळेत बसवलेले आहे. लुंगी मीच आणून दिली होती.

चर्चेत अजून न आलेली एक गोष्ट मला बोलायची आहे, ती म्हणजे शाळेतली छडी. शिक्षण हक्क कायदा 2009 चा. त्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आहे. आता आपल्या शाळांत जाऊन प्रामाणिकपणे पाहा. टेबलाच्या खणात वेताची किंवा निरगुडीची छडी सापडेल, आणि पालकच म्हणतील, ‘बाई, हाडं आमची, कातडं तुमचं.’ जो शिक्षक पहिल्या तासाला गृहपाठावरून कानाखाली वाजवतो, तोच तिसऱ्या तासाला ‘रागावर ताबा मिळवण्याचे मार्ग’ शिकवणार असेल, तर नववीतली मुले तुम्ही समजता तेवढी भोळी नाहीत. त्यांना अचूक कळते की मारणे वाईट नसून, मारण्याचा अधिकार कोणाला आहे एवढाच प्रश्न आहे. घरातला बापही नेमके हेच समजत असतो.

माझ्या कारकिर्दीत मी छडी बंद केली ती कायदा आला म्हणून, मनाने नव्हे. मनाने बंद व्हायला आणखी चार-पाच वर्षे लागली. त्याआधीच्या मुलांची आज क्षमा मागावीशी वाटते, पण ती आता चाळिशीची आहेत आणि भेटली की पाया पडतात, त्यामुळे ते राहूनच जाते.

पांझराभाऊंच्या वेळेच्या प्रश्नाला माझे उत्तर असे, की नवा तास मागू नका, असलेला वापरा. आयुष्मान भारत अंतर्गत 2020 मध्ये सुरू झालेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमात सहावी ते बारावीसाठी अकरा विषय ठरलेले आहेत. त्यांत लिंगसमभाव आहे आणि हिंसेपासून संरक्षणही आहे. प्रत्येक शाळेत दोन शिक्षकांनी, शक्यतो एक पुरुष आणि एक स्त्री, आरोग्यदूत म्हणून आठवड्याला एक तास घ्यावा अशी त्याची आखणी आहे. शिवाय आपल्या राज्यात 2022 पासून मुलामुलींच्या सुरक्षेसाठी शाळेत नेमायची सखी सावित्री समिती आहे. म्हणजे कागदावर आपल्याकडे कशाची कमतरता नाही. फाईल काढायची आणि मुख्याध्यापकांच्या टेबलावर उघडी ठेवायची.

बोरीकाठचा_मास्तर (धागाकर्ता)

सर्वांचे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले. नाव_नको, तुमचा प्रतिसाद मी छापून माझ्या दैनंदिनीत ठेवला आहे. चालणार नसेल तर कळवा, काढून टाकीन.

दोन दिवसांत जे कच्चे टिपण केले ते असे. नववीच्या मुलांना पहिले तीन-चार तास हिंसा हा शब्दच ऐकवायचा नाही. पहिल्या तासाला प्रत्येकाने घरचे शिधापत्रिकेचे पहिले पान पाहून यायचे. अन्नसुरक्षा कायदा 2013 चा आहे आणि त्यानुसार घरातील अठरा वर्षांवरील वयाने मोठी स्त्री ही कुटुंबप्रमुख मानली जाते, त्यामुळे बऱ्याच पत्रिकांवर आईचे किंवा आजीचे नाव निघेल. मग प्रश्न एवढाच, की कपाशी वेचण्याची मजुरी कोणाच्या हातात पडते, आणि शंभर रुपयांची वस्तू घ्यायची तर कोण कोणाला विचारते? आर्थिक छळाची व्याख्या मुले यातून स्वतःच करतील, फळ्यावर लिहून द्यावी लागणार नाही.

त्यानंतर रागाविषयी, आणि तेही मुलांच्याच मैदानावरच्या भांडणांतून. मुकादमाला न मारणाऱ्या माणसाचे मागची_खोली ताईंनी दिलेले उदाहरण मी इथे वापरणार आहे. पथनाट्य करणार नाही. बापाचे सोंग कोणीही घ्यायचे नाही, हा नियम. मुलगे-मुली एकत्र बसतील, फक्त एक तास वेगवेगळा असेल, कारण काही प्रश्न मुलगे मुलींसमोर विचारत नाहीत आणि मग ते बाहेर भलत्याकडून उत्तरे मिळवतात.

पण हे सर्व सुरू करण्याआधीची अट मी संस्थेला लेखी दिली आहे. छडी सर्व वर्गांतून निघाली पाहिजे. मूल बोलल्यास ते ऐकणारी एकच व्यक्ती ठरली पाहिजे (मी आमच्या विज्ञानाच्या मॅडमचे नाव सुचवले आहे, माझे नाही, कारण मुली माझ्याशी बोलत नाहीत हे मला वहीने शिकवले आहे). आणि कोणत्याही वडिलांना शाळेत बोलावून समज दिली जाणार नाही. अध्यक्षांनी पहिली दोन मान्य केली. तिसरीवर म्हणाले, ‘मग आपण करायचे तरी काय?’ त्यांना ताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला. ‘विचार करू’ म्हणाले आहेत.

केळीबाग_रावेर

मास्तर, माझा विरोध पूर्ण मावळलेला नाही. पोर शाळेतून काढली गेली तर काय, याचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही. बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून गावात ग्रामसेवक असतो हे मलाही माहीत आहे. पण ग्रामसेवकाला त्याच गावात नोकरी करायची असते, आणि लग्नपत्रिका छापून झाल्यावर त्याला जाग येऊन उपयोग नसतो. पण वडिलांना बोलवायचे नाही हा मुद्दा मला नवीन होता. समितीवर असताना आम्ही एकाला बोलावले होते. पुढे काय झाले याची चौकशी आम्ही केली नव्हती.

मागची_खोली

दादा, तुमच्या प्रश्नाला पक्के उत्तर माझ्याकडेही नाही. अनुभव एवढाच सांगते, की जी मुलगी आठवडाभर गैरहजर राहिली आणि तिच्या घरी शाळेतून कोणीतरी सहज म्हणून जाऊन आले, तिचे नाव पटावरून काढणे घरच्यांना जड जाते. ‘शाळेचे लक्ष आहे’ हे कळण्यापुरते जाणे, त्याहून अधिक काही नाही. उशिरा जाऊन उपयोग नाही. तिसऱ्या दिवशी जावे.

आणि मास्तर, तास कधी ठेवला आहे? शेवटचा तास देऊ नका, शनिवारची सकाळची शाळा तर अजिबात नको. मूल मन मोकळे करते आणि घंटा होते, मग ते तसेच घरी जाते आणि मध्ये रविवार येतो.

बोरीकाठचा_मास्तर (धागाकर्ता)

वेळापत्रकात शुक्रवारचा आठवा तास मिळाला होता, कारण तो कोणालाच नको असतो. आज गणिताच्या सरांशी अदलाबदल केली आहे. आता मंगळवारचा तिसरा तास आहे. त्यानंतर मधली सुट्टी, पुढे आणखी पाच तास, आणि विज्ञानाच्या मॅडम मंगळवारी पाच वाजेपर्यंत प्रयोगशाळेत असतात. साडेसातच्या गाडीला तेव्हा अडीच तास असतात.

पहिल्या तासासाठी शिधापत्रिका पाहून यायला सांगितले आहे. झाले की इथेच लिहितो.